गावकीची भांडी आणि काळी खिडकी

केल्विनने आयुष्यात गावासाठी एकच गोष्ट केली होती आणि ती चालू होईना.

म्हणजे तशी पाच महिने मस्त चालू होती. कधी कुरकुर नाही, तक्रार नाही. बंद पडली ती नेमकी नोव्हेंबरातल्या त्या रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, माणसं त्याच्या ओट्यावर येऊन बसलेली असताना. वस्तूंना हे कसं कळतं कोण जाणे. घरी एकटे असताना नीट चालतात, पाहुणे आले की मान टाकतात.

गोष्ट होती गावकीच्या भांड्यांच्या नोंदीची. पापडी गावाच्या बाजूला ज्यांचं जाणंयेणं नाही त्यांना सांगायला हवं, की इथं घरची भांडी घराची असतात, पण लग्नाची भांडी गावाची. बावीस मोठे टोप, सहा कढया, पराती, झारे, आणि एक हंडा एवढा मोठा की त्यात डॉमनिक अंकलचा भाऊ लहानपणी दोन तास लपला होता आणि घरच्यांनी विहिरीत माणूस उतरवला होता. लग्न असलं की आदल्या दिवशी गावातले पुरुष जमतात, कांदे सोलतात, एकमेकांच्या कांदे सोलण्याला नावं ठेवतात आणि रांधतात. केटरर बोलवायला कुणाची ना नाही. बोलवतात लोक. पण ज्या लग्नात गावाचे टोप चुलीवर चढले नाहीत, त्याबद्दल गाव एवढंच म्हणतं, "जेवण बरं होतं हां." आणि हे ज्या सुरात म्हणतं ना, त्यापेक्षा गावाला उपाशी ठेवलेलं परवडलं.

कुठल्या तारखेला भांडी कुणाकडे, ही नोंद एकतीस वर्षं स्टॅनी अंकलनी एका लाल वहीत ठेवली. जूनच्या सभेत केल्विन उठला आणि म्हणाला की जग कुठे गेलंय आणि आपण वहीत काय लिहितोय, हे सगळं डेटाबेसमध्ये पाहिजे. गावाला डेटाबेस म्हणजे काय ते कळलं नाही, पण पोरगा सातिवलीला एका पॅकिंगच्या युनिटमध्ये दिवसभर कॉम्प्युटरवर बसतो, म्हणजे त्याला कळत असेल, असं सगळ्यांनी धरलं. खरं म्हणजे तो तिथे चलनं टाइप करायचा. बाकीचं सगळं व्हिडिओ बघून शिकलेला. शिकवणारा जे करेल ते करायचं, त्याने जिथे "अब देखिए" म्हटलं तिथे बघायचं. इतकं शिक्षण.

आणि आता बोलतोच आहोत तर खरं सांगून टाकू. बावीस टोपांच्या नोंदीला डेटाबेस लागत नाही. एक्सेलची एक शीट पुरली असती. शीट कशाला, स्वयंपाकघरातलं दुधाचे खाडे लिहायचं कॅलेंडर पुरलं असतं. केल्विनला हे माहीत होतं. पण कॅलेंडर कुणालाही वाचता येतं ना! डेटाबेसला त्याने मुद्दाम बटणंबिटणं काही केली नव्हती. नुसती काळी खिडकी, तिच्यात पांढरी अक्षरं. कुणी तारीख सांगायला आलं की तो खडखडखड टाइप करायचा, एंटर मारायचा, "झालं" म्हणायचा आणि खिडकी झटकन बंद करायचा. बँडमधला ड्रमवाला शेवटच्या ठोक्यानंतर काठी फिरवतो, तशी ही त्याची काठी. मागे उभी राहिलेली माणसं श्वास रोखून बघायची. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची तेव्हा कुणाला अक्षर कळायचं नाही, आणि म्हणूनच सगळे गुपचूप गुडघ्यांवर असायचे. केल्विनला हे तत्त्व पटलेलं होतं.

तर त्या रविवारी ओट्यावर रिटा आंटी होत्या, डॉमनिक अंकल होते आणि दोघांच्या मधे गावकीचे अध्यक्ष आग्नेल अंकल होते. कारण दोघांना एकाच बाकावर शेजारी बसवण्यासारखी परिस्थिती नव्हती.

"माझ्या प्रिस्काचं लग्न चार जानेवारीला," रिटा आंटी म्हणाल्या. "ऑगस्टमध्येच मी भांडी सांगितली. तू म्हणालास, झालं आंटी. उद्या पत्रिका छापायला जातायत."

"मलापण म्हणाला, झालं अंकल," डॉमनिक अंकल म्हणाले. "आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत चार जानेवारीला. मी काय तारीख बदलू? तेव्हा काय गावाला विचारून लग्न केलं होतं?"

"विचारून केलं असतं तर बरं झालं असतं, फ्लॉसी आंटी सुटली असती," रिटा आंटी आग्नेल अंकलना म्हणाल्या. कारण डॉमनिक अंकलशी त्या बोलत नव्हत्या.

"शांत," आग्नेल अंकल म्हणाले. ते सरकारी हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. "नोंद असेल ती खरी. केल्विन, नोंद काढ."

केल्विनला दोन्ही आठवत होतं. दोघांनाही तो "झालं" म्हणाला होता. पण दोघांचं एकाच तारखेला कसं काय झालं असेल? एकाचं नाव नसणार, आणि ज्याचं नसणार त्याच्या घरी केटरर येणार, आणि मग केल्विन जन्मभर टोप चुकवणारा होऊन राहणार. उधारी बुडवणाऱ्याचं, गाडी ठोकणाऱ्याचं, पार शेअरमध्ये पैसे घालवणाऱ्याचंसुद्धा गाव पुढे विसरतं. पण टोप चुकवणाऱ्याचं विसरत नाही.

त्याने काळी खिडकी उघडली. आता हे एकदाच समजून घ्या, पुन्हा त्रास देणार नाही. नोंदी लॅपटॉपच्या पोटात एका प्रोग्रॅमकडे असतात. त्याला जाऊन विचारायला दुसरा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला क्लायंट म्हणतात. म्हणजे भांडी गावकीच्या खोलीत, आणि क्लायंट म्हणजे खोलीची किल्ली असलेला माणूस. खिडकीत त्याचं नाव टाइप करून एंटर मारला की तो हजर होतो.

केल्विनने नाव टाइप केलं. एंटर मारला.

इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ एवढाच, की या नावाचं इथे कुणी नाही.

केल्विनने तेच नाव पुन्हा टाइप केलं, सावकाश, एकेक की दाबत, जसं आपण कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतो. तीच ओळ. पाच महिने ज्याच्याशी रोजचं बोलणं होतं त्याने भर चौकात ओळख दाखवू नये, तसं झालं.

"काय म्हणतंय?" डॉमनिक अंकलनी विचारलं.

"काही नाही अंकल, लोड होतंय."

आणि त्याच क्षणी केल्विनला गुरुवार आठवला. गुरुवारी त्याच्या मम्मीने मावसबहीण प्रीतलच्या लग्नाची ड्रोन शूटिंग आणली होती. पाऊण तास ड्रोन केळीच्या वाड्यांवरून फिरतो, मधे दोन मिनिटं नवरानवरी मुंग्यांएवढी दिसतात. ते सगळं लॅपटॉपवर ठेवायला जागा नव्हती. क्लायंटच्या दोन आवृत्त्या होत्या, एक जुनी, एक नवी, व्हिडिओवाल्याच्या सांगण्यावरून घातलेली. केल्विनने विचार केला, जुनी कशाला पाहिजे, आणि तिचा अख्खा फोल्डर उडवला. वापरत मात्र तो पाच महिने जुनीच होता. हे त्याला आत्ता कळलं.

सांगायचं की नाही? नाही सांगितलं. माणूस काही लगेच खरं बोलत नाही, आधी बाकीचे उपाय करून बघतो.

"चार्जर काढून परत लाव," रिटा आंटी म्हणाल्या.

लावला.

"आमच्या फ्लॉसीचा मिक्सर असाच बंद पडतो," डॉमनिक अंकल म्हणाले. "उलटा कर. खाली लाल बटण असतं."

"अंकल, लॅपटॉपला नसतं."

"तू करून तर बघ. मिक्सर तुझ्यापेक्षा जुना आहे."

लॅपटॉप उलटा केला. लाल बटण नव्हतं. प्रीतलच्या लग्नातला तांदळाचा एक दाणा मात्र कीबोर्डमधून पडला, आणि त्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की बघा, हेच अडकलं होतं.

आतून केल्विनची मम्मी चहाचा ट्रे घेऊन आली. विनिता आंटी म्हणतात तिला गावात. "मी तेव्हाच सांगितलं होतं, फादरांना बोलव, आशीर्वाद घे," ती म्हणाली. "डॉमनिक अंकलनी टेम्पोला घेतला. आपण विहिरीच्या पंपाला घेतला. पंप बघ, अकरा वर्षं चालतोय."

"मम्मी, पंपाचं कॉइल तीनदा बदललंय."

"पण चालतोय ना?"

केल्विनने ऑफिसातल्या अल्पेशला फोन लावला. अल्पेशला कॉम्प्युटरमधलं केल्विनपेक्षा एक व्हिडिओ जास्त माहीत होता.

"रिस्टार्ट मारला?" अल्पेश म्हणाला.

"रिस्टार्टचं नाही रे. जुना फोल्डर…" केल्विनने इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला, "…गेला."

"गेला म्हणजे तू उडवला."

"हळू बोल ना. स्पीकरवर आहेस."

तो खरंच स्पीकरवर होता. रिटा आंटींनी आग्नेल अंकलकडे पाहिलं. आग्नेल अंकलनी खिशातून पेन काढलं आणि काही न लिहिता परत ठेवलं. त्यांच्याकडची ही सर्वात कडक कारवाई.

"टेन्शन नको घेऊ," अल्पेश म्हणाला, "नोंदी वेगळ्या जागी असतात, त्या सेफ आहेत. फक्त क्लायंट गेला. नवीन आवृत्तीच्या फोल्डरमध्ये जा, तिथे असेल बघ, डबल क्लिक मार."

केल्विनने मारला. एक काळी खिडकी फट्‌कन उघडली आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद झाली.

"आली होती!" रिटा आंटी ओरडल्या. "मी पाहिली!"

"मलापण दिसली," मम्मी म्हणाली.

"कुठे? मला नाही दिसली," डॉमनिक अंकल म्हणाले. "पुन्हा काढ."

पुन्हा काढली. सात वेळा काढली. डॉमनिक अंकल प्रत्येक वेळी चष्मा पुसत असायचे. आठव्या वेळी खिडकी आली नाही, त्याऐवजी एक चौकोन आला. एक फाइल गहाळ आहे, ती आणल्याशिवाय प्रोग्रॅम चालणार नाही.

"एकच ना?" डॉमनिक अंकल म्हणाले. "मग बाकीच्यांना चालू करायला सांग. बँडमध्ये एकजण आला नाही तर बँड थांबतो काय?"

फाइल नेटवर फुकट मिळते. फक्त नेट पाहिजे. घरचं नेट शनिवारपासून गेलेलं, कारण कुणाच्या तरी नारळाच्या झावळीने केबल खाली घेतली होती आणि केबलवाल्याचं म्हणणं होतं की झावळी ज्याची त्याने केबलवर चढावं. मोबाइलवर फोन लागतो, पण नेट फक्त गावच्या क्रूसाजवळ येतं. म्हणून मग निघाले. पुढे केल्विन, दोन्ही हातांवर उघडा लॅपटॉप, मान ताठ. मागे आग्नेल अंकल चार्जरची वायर जमिनीला लागू नये म्हणून उचलून धरलेले. त्यांच्यामागे रिटा आंटी आणि डॉमनिक अंकल रस्त्याच्या दोन कडांनी, आणि शेवटी मम्मी चहाच्या कपांसकट, कारण कप कुणी रिकामे केले नव्हते. वाटेत ज्यांनी पाहिलं ते आपोआप बाजूला झाले. एका म्हातारीने तर कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली.

क्रूसाच्या पायरीवर फाइल उतरली, बसली आणि म्हणाली, रिस्टार्ट करा.

रिस्टार्ट केलं, तर लॅपटॉपने ठरवलं की एवीतेवी बंद झालोच आहोत तर गेल्या सहा महिन्यांची राहिलेली कामं उरकून घेऊ. निळ्या पडद्यावर गोल फिरायला लागला. सदतीस टक्के, कृपया बंद करू नका. आग्नेल अंकलना हे वाक्य फार आवडलं. "बघा," ते म्हणाले, "शिस्त आहे." चाळीस मिनिटं ते सदतीसवरच होतं. तेवढ्यात रिटा आंटींनी प्रिस्काच्या सासरचं सगळं सांगून टाकलं, नाव कुणाचं न घेता, पण डॉमनिक अंकलना ऐकू जाईल असं. त्यांच्याकडच्या चारशे माणसांना गावाचं जेवण घालायचं कबूल केलंय. आपला नवरा जाऊन सहा वर्षं झाली, आणि मांडवात गावचे पुरुष कांदे सोलायला बसलेले दिसले ना, की बाप नसल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. यावर डॉमनिक अंकल क्रूसाकडे बघत म्हणाले, "फ्लॉसीने पन्नास वर्षांत एक गोष्ट मागितली. म्हणाली, आपल्या लग्नात होते तेच टोप पाहिजेत." आणि नाक शिंकरायला पलीकडे गेले.

केल्विनला वाटलं, सदतीसवरच राहू दे हे. कायमचं.

पण झालं शंभर. क्लायंटचं नाव टाइप केलं, एंटर मारला. आणि तो आला! सभ्य माणसासारखा आला, उभा राहिला आणि म्हणाला, पासवर्ड?

इथे एक लक्षात घ्या. पाच महिन्यांत केल्विनने पासवर्ड एकदाही टाइप केला नव्हता. जुन्या फोल्डरातल्या एका फाइलमध्ये तो लिहून ठेवलेला होता, आणि ती फाइल फोल्डराबरोबर गेली होती. प्रीतलच्या ड्रोनने तीही उडवली. केल्विनने अंदाजाने चार घालून बघितले. कुत्र्याचं नाव घातलं, बाइकचा नंबर घातला. क्लायंट प्रत्येक वेळी नाही म्हणाला, कंटाळा न करता.

"लिहून नाही ठेवलास कुठे?" मम्मीने विचारलं.

ठेवला होता. केल्विनला ते आठवलं आणि नाही आठवलं असतं तर बरं, असंही वाटलं. पासवर्ड लाल वहीत होता. वही बंद केली त्या दिवशी स्टॅनी अंकल म्हणाले होते, नव्या कुलपाची किल्लीपण इथेच लिही, गावाचं सगळं एका जागी पाहिजे. म्हाताऱ्याचं मन राखायला केल्विनने शेवटच्या पानावर लिहिला होता. आणि वही होती गावकीच्या खोलीतल्या कपाटात, बंद.

"मग कपाट उघडू या," रिटा आंटी म्हणाल्या.

"असं कसं?" आग्नेल अंकल म्हणाले. आता त्यांचा दिवस उगवला होता. "ठराव क्रमांक चार. जुनी वही कायमची बंद करण्यात येत असून ती सभेच्या मंजुरीशिवाय उघडू नये. सूचक कोण?"

केल्विन लॅपटॉपवरची धूळ पुसायला लागला.

"सूचक केल्विन," आग्नेल अंकल म्हणाले. "सभेला पाच सभासद लागतात. आपण किती?"

चार होते. मम्मी मोजायची नव्हती, ती सभासद नव्हती; डॅडी होते, पण ते जहाजावर. पाचवा कुणीही चालला असता, पण कपाटाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली अध्यक्षांकडे आणि दुसरी स्टॅनी अंकलकडे. हीसुद्धा त्याच ठरावात, सूचक तोच.

आता केल्विनला धरून चार होतात की तीन, हेही बघायला हवं होतं. तो, आग्नेल अंकल, रिटा आंटी, डॉमनिक अंकल. चार. बरोबर. त्या दिवशी त्याला एवढी एकच बेरीज जमली.

स्टॅनी अंकल वाडीत केळींना पाणी लावत होते. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात बनियन, पायात गमबूट. जूनपासून ते केल्विनशी बोलत नव्हते असं नाही. बोलायचे, पण "कसं आहे तुझं मशीन?" एवढंच, आणि उत्तराला थांबायचे नाहीत. आज थांबले. सगळं ऐकून घेतलं. पाइप दुसऱ्या आळ्यात टाकला.

"लेखी दे," ते म्हणाले.

केल्विनने चर्चच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला, आग्नेल अंकलच्या पेनाने, मम्मीच्या पाठीवर कागद ठेवून अर्ज लिहिला. स्टॅनी अंकलनी वाचला.

"कारण काय लिहिलंयस? तांत्रिक अडचण. म्हणजे काय?"

"म्हणजे अंकल… ते चालत नाही."

"मग चालत नाही असं लिही ना."

केल्विनने खोडून लिहिलं, चालत नाही. स्टॅनी अंकलनी ते एकदा मोठ्याने वाचलं, वाडीतल्या केळींनाही ऐकू जावं असं, घडी घातली, बनियनला खिसा नसल्याने गमबुटात खोचली आणि शर्ट घालायला आत गेले. शर्ट इस्त्रीचा होता. तयारच ठेवला होता की काय देव जाणे.

गावकीच्या खोलीत बावीस टोपांच्या मधे सभा झाली, ठराव झाला, दोन कुलपं निघाली. लॅपटॉप उलट्या हंड्यावर ठेवला. स्टॅनी अंकलनी वही काढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"अंकल, शेवटच्या पानावर आहे."

"माहीत आहे मला," म्हणत त्यांनी एकेक पान उलटलं. "हे बघ, डॉमनिकच्या मुलीचं. पाऊस आला होता, आठवतं? रिटा, हे तुझं. तुझ्या नवऱ्याने एक झारा हरवला होता, त्याने नाही नाही म्हटलं, पण त्यानेच हरवला." रिटा आंटी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला, मग परत हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच खोलीत कुणी कुणाकडे रागाने बघत नव्हतं, आणि त्यासाठी वीजसुद्धा लागली नव्हती.

शेवटचं पान आलं. स्टॅनी अंकलनी चष्मा लावला आणि पासवर्ड सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "केल्विन बॉस, एक दोन तीन. मधे जागा सोडायची?"

"नाही अंकल," केल्विन हंड्याकडे बघत म्हणाला.

पासवर्ड चालला. केल्विनने विचारलं, चार जानेवारीला भांडी कुणाकडे? एंटर मारला. या वेळी खिडकी झटकन बंद करायचा प्रश्नच नव्हता, पाच डोकी तिच्यावर वाकली होती.

एकच ओळ आली.

रिटा आंटींचं नाव नव्हतं. डॉमनिक अंकलचंही नव्हतं. केल्विनने ओळ वाचली आणि त्याचा हात पडद्यावर ठेवायला उठला, पण स्टॅनी अंकलनी तो सावकाश बाजूला केला. इंग्रजी अक्षरं होती, त्यांनी बोट लावून जोडत जोडत वाचली.

"चार जानेवारी. नाव… स्टॅनी अंकल. कारण… म, य… मयताचं जेवण. भांडी… सगळी."

डॉमनिक अंकलनी डोक्यावरची टोपी काढली. मम्मीने केल्विनच्या दंडाला जो चिमटा काढला त्याचा वळ बुधवारपर्यंत होता.

झालं होतं ते असं. जूनच्या त्या सभेत स्टॅनी अंकल सगळ्यांसमोर म्हणाले होते, हे कार्टं गावाचे टोप बुडवणार. केल्विन तणतणत घरी आला, डेटाबेस बनवला आणि चालतो का बघायला एक खोटी नोंद टाकली. टाकताना डोक्यात जे होतं ते बोटांतून गेलं. तारीख लांबची म्हणून जानेवारीची. मग व्हिडिओवाल्याने शिकवलेला एक नियम लावला, की एका तारखेला एकच नाव. नियम एकदम पक्का बसला. ऑगस्टमध्ये रिटा आंटींचं नाव टाकलं तेव्हा मशीनने इंग्रजीत स्पष्ट सांगितलं होतं की या तारखेला मयत आहे. डॉमनिक अंकलच्या वेळीही सांगितलं होतं. पण तोवर केल्विन "झालं" म्हणून खिडकी बंद करून मोकळा.

"टेस्टिंग होतं, अंकल," तो म्हणाला. "नुसतं टेस्टिंग…"

"टेस्टिंगला मारलंस मला?"

"सॉरी अंकल." आणि मग, आता लपवायला काही उरलंच नव्हतं म्हणून, "जुना फोल्डरपण मीच उडवला. आणि दोघांची नोंद झालीच नव्हती. मी बघितलंच नाही. चूक माझी आहे."

आग्नेल अंकलनी घसा साफ केला. "भावना बाजूला ठेवू. नोंद असेल ती खरी, असं सकाळी ठरलंय. म्हणजे चार जानेवारीची भांडी अधिकृतपणे स्टॅनीकडे आहेत. त्याने सोडली तरच दुसऱ्याला."

हे लक्षात यायला खोलीला दोनएक सेकंद लागले. मग रिटा आंटींनी हातातला कप पुढे केला. "स्टॅनी अंकल, चहा? गरम करून आणते."

"स्टॅनी, तू इथे बस, तिथे ऊन येतं," डॉमनिक अंकल म्हणाले, आणि स्वतःला बसायला उपडा घातलेला टोप पुढे सरकवला.

स्टॅनी अंकल बसले. चहा सावकाश प्यायले. एकतीस वर्षं वही सांभाळताना त्यांना कुणी बसायला टोप दिला नव्हता.

"रिटा, तुझं जेवण दुपारचं," ते शेवटी म्हणाले. "चारशे माणूस आहे, उन्हाच्या आत उरकेल. डॉमनिक, तुझं रात्रीचं. तसंही तुझ्या लग्नातपण जेवण रात्रीच झालं होतं, लाकडं ओली निघाली होती. तीन वाजता सगळे टोप घासून रिटाच्या दारातून तुझ्या दारात."

"तीन वाजता बावीस टोप घासणार कोण?" डॉमनिक अंकलनी विचारलं.

सगळे केल्विनकडे बघायला लागले. केल्विननेही मागे वळून पाहिलं, पण मागे भिंत होती.

"आणि हंडा," रिटा आंटी म्हणाल्या. प्रथमच डॉमनिक अंकलकडे बघून.

केल्विन टाइप करायला बसला. एका तारखेला एकच नाव हा नियम काढला, दुपार आणि रात्र असे दोन भाग केले. प्रत्येक एंटरनंतर थांबला, आलेली ओळ पूर्ण वाचली, मोठ्याने, मराठीत. रिटा आंटी, नोंद झाली. डॉमनिक अंकल, नोंद झाली. मग त्याने खाली मान घालून तिसरी ओळ धरली, खोडायची ती.

स्टॅनी अंकलनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "खोडायचं नाही. मी एकतीस वर्षांत एक नाव खोडलं नाही. पुढे ढकल."

"अंकल, प्लीज…"

"जेवणात काय ठेवलंयस ते बघ आधी."

"त्याचा कॉलमच नाहीये."

"घाल. डुकराच्या मटणाचं इंद्याल लिही. नुसत्या डाळभातावर भागवलंत तर उठून येईन."

केल्विनने कॉलम घातला. इंद्याल लिहिलं. "तारीख काय टाकू?" हे त्याने इतक्या हळू विचारलं की रिटा आंटींना वाटलं तो रडतोय.

स्टॅनी अंकलनी छताकडे बघत थोडा विचार केला. "तीस फेब्रुवारी."

केल्विनने टाकली. एंटर मारला. ओळ आली, ती त्याने शेवटपर्यंत वाचली.

"घेत नाही, अंकल. म्हणतं, अशी तारीखच नाही."

स्टॅनी अंकलनी चष्मा काढून घडी केला, उभे राहिले आणि लॅपटॉपच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"मशीन चांगलं आहे रे," ते म्हणाले. "राहू दे चालू."